यंत्राशी डाव मांडताना

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

गेल्या पोळ्याच्या सुमारास मी सौंसरला माझ्या थोरल्या बहिणीकडे चार दिवस मुक्कामाला होतो. पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी बोलीने, सणावारांनी आणि संत्र्याच्या बागांनी तो वऱ्हाड-नागपूरचाच सख्खा भाऊ आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. परंतु घरांच्या ओट्यांवरचे जीवन जिल्ह्याच्या सीमा बदलल्याने बदलत नाही. बहिणीच्या घरासमोरच्या ओट्यावर संध्याकाळी दोन वृद्ध गृहस्थ कापडी पट पसरून बुद्धिबळ खेळत बसत. त्यांचा खेळ जुन्या हिंदी पद्धतीचा. पहिल्या चालीलाही प्यादे एकच घर पुढे सरकणार, घाई कुणालाच नाही, आणि एक डाव दिवेलागणीपर्यंत पुरणार.

त्याच ओट्याच्या कोपऱ्यात बहिणीचा नातू, वय वर्षे तेरा, हातातील मोबाईलवर तोच खेळ खेळत असे. मात्र त्याचा प्रतिस्पर्धी माणूस नव्हता. तो दर दहा मिनिटांनी हरे आणि पुन्हा नवा डाव मांडी. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, हे यंत्र काहून हरत नाही? मी पहिलं प्यादं कोणतं काढू, म्हणजे निदान बरोबरी तरी होईल?”

प्रश्न लहान मुलाचा होता. परंतु जगातील थोर बुद्धिबळपटूंनी जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःला हाच प्रश्न विचारला आहे. आज तोच प्रश्न मी आपणांसमोर ठेवणार आहे. बलवान यंत्राशी खेळताना माणसाने डावाची सुरुवात कशी निवडावी? आणि निवडून काही उपयोग होतो काय?

प्रथम यंत्र कसे खेळते ते पाहू. पटावर मोहरे मांडले की पांढऱ्याला पहिल्या चालीचे वीस पर्याय असतात आणि काळ्यालाही तितकेच. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच चारशे निरनिराळ्या स्थिती संभवतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवता येईल यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एकंदर डावांची संख्या त्याने अंदाजली ती अशी, की एकावर एकशेवीस शून्ये द्यावी लागतील. एवढे सारे मोजणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून यंत्र काही चालींपर्यंतच पुढे पाहते आणि तेथे जी स्थिती दिसेल तिला गुण देते. मोहरे किती उरले, राजा सुरक्षित आहे काय, प्यादी कशी उभी आहेत, या गोष्टींवरून ते गुण ठरतात. ज्या चालीने अधिक गुण पदरी पडतील ती चाल यंत्र खेळते.

या रीतीत जुन्या यंत्रांचे सामर्थ्यही होते आणि वैगुण्यही होते. दृष्टीच्या टप्प्यात जे काही येई, त्यात त्यांची चूक होत नसे. टप्प्यापलीकडे जे असे, ते मात्र त्यांच्या लेखी नसल्यासारखेच. माळावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिजापर्यंतचा प्रत्येक दगड दिसावा आणि क्षितिजामागचा डोंगर मात्र दिसू नये, तशी ही अवस्था होती.

हे मर्म ज्याने लवकर ओळखले तो स्कॉटलंडचा खेळाडू डेव्हिड लेव्ही. पुढील दहा वर्षांत कोणतेही यंत्र आपणांस सामन्यात हरवू शकणार नाही, अशी पैज त्याने १९६८ साली काही शास्त्रज्ञांशी लावली. १९७८ साली कॅनडातील टोरांटो येथे ‘चेस ४.७’ या त्या काळच्या अग्रगण्य यंत्रप्रणालीशी तो खेळला आणि साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी त्याने पैज जिंकली. त्याची युक्ती साधी होती. काही करू नये, पण ते न करणे उत्तम प्रकारे करावे! शांत सुरुवात, प्यादी एकमेकांना अडवून उभी, मारामारीला वाव नाही. अशा स्थितीत यंत्राला काय करावे ते सुचत नसे आणि ते आपणच आपली मांडणी बिघडवून घेई.

याच सामन्यातील चौथा डाव मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या डावात लेव्हीने आपले शांततेचे व्रत मोडले आणि लाटवियन गँबिट ही प्यादे देऊन हल्ला चढवणारी जहाल सुरुवात निवडली. तो एकच डाव तो हरला. खेळाडू तोच आणि यंत्रही तेच. बदलली होती ती केवळ सुरुवात.

पांढुर्ण्याच्या श्रोत्यांना हा भेद मी निराळ्या रीतीने सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही तीरांवरून दगड सुटतात. या प्रथेपायी कित्येक जखमी झाले, काहींचे प्राणही गेले. ती असावी की नसावी हा आजचा विषय नव्हे. पण कल्पना करा की, समोरच्या तीरावरील माणसाचा हात कधी थकत नाही, नेम कधी चुकत नाही आणि त्याला भीती म्हणून ठाऊकच नाही. अशा माणसाशी उघड्या पात्रात दगडफेक करण्यात कोणते शहाणपण आहे? बुद्धिबळातील उघडा डाव म्हणजे असेच उघडे पात्र होय. मोकळ्या रांगा, मोकळे कर्ण, क्षणोक्षणी मारामारी; तेथे मोजणाऱ्याचेच राज्य.

हा धडा जगज्जेत्यांनीही गिरवला. १९९६ साली फिलाडेल्फिया येथे गॅरी कास्पारोव्ह हा ‘डीप ब्लू’ या यंत्राशी खेळला. पहिल्या डावात त्याने आपला आवडता सिसिलियन बचाव निवडला. डाव मोकळा झाला आणि यंत्राने तो जिंकला. पुढे कास्पारोव्हने सावध खेळून तो सामना चार विरुद्ध दोन गुणांनी आपल्याकडे खेचला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला तो पुन्हा खेळावयास बसला, तेव्हा यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपाशीत होते. तिसऱ्या डावात कास्पारोव्हने वजिरापुढचे प्यादे केवळ एकच घर पुढे सरकवून सुरुवात केली. ओट्यावरच्या माझ्या दोघा वृद्ध मित्रांना ती चाल अगदी घरची वाटली असती! एरवी जगज्जेता अशी चाल खेळत नाही. यंत्राच्या पोटात सुरुवातीच्या चालींचा जो पाठ साठवलेला होता, त्यातून त्याला बाहेर काढावे हा तिचा हेतू. तो डाव बरोबरीत सुटला.

परंतु सहाव्या आणि निर्णायक डावात विपरीत घडले. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना कास्पारोव्हने कॅरो-कान हा भक्कम म्हणून नावाजलेला बचाव निवडला. मात्र तो त्याचा नित्याचा बचाव नव्हता. सातव्या चालीला त्याने कडेजवळचे एक प्यादे अवेळी पुढे केले. यंत्राने तत्काळ घोड्याचा बळी देऊन त्याच्या राजाभोवतीची तटबंदी फोडली. लाभाचा रोखठोक हिशेब असल्याखेरीज यंत्र मोहरा देत नाही, असा त्या काळी समज होता. पण या बळीचा हिशेब यंत्राला पटावर करावाच लागला नाही. ती चाल त्याच्या पाठात आधीच भरून ठेवलेली होती. एकोणीस चालींत डाव संपला आणि साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी सामना यंत्राकडे गेला. तो दिवस ११ मे १९९७.

या पराभवातून जो धडा निघतो, तो माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. बचाव वाईट नव्हता. आजही उत्तमोत्तम खेळाडू तो खेळतात. परंतु दुसऱ्याच्या बागेत उत्तम आलेले झाड आपल्या जमिनीत तसेच येईल असे नाही.

आमच्या संत्रेवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. संत्र्याला बहार धरावा लागतो. आंबिया बहार धरला तर फुले थंडीच्या अखेरीस येतात आणि भर उन्हाळ्यात फळ पोसावे लागते. त्यासाठी विहिरीला पाणी हवे. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो. पाणी बेताचे असेल तो शेतकरी उन्हाळाभर झाडांना ताण देऊन मृगाची वाट पाहतो. शेजाऱ्याने आंबिया धरला म्हणून आपणही धरावा आणि वैशाखात विहीर कोरडी पडावी, यासारखे दुःख नाही. डावाची सुरुवात निवडणे म्हणजे बहार धरणेच आहे. आपल्या विहिरीत पाणी किती, म्हणजे आपल्याला त्या सुरुवातीचे मर्म किती ठाऊक आहे, हे पाहूनच ती धरावी.

पुढील काही वर्षांत माणसाने या विद्येत बरीच प्रगती केली. २००२ साली बहारीन येथे व्लादिमीर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’शी खेळला. पहिल्याच डावात त्याने बर्लिन बचाव निवडून आठ चालींच्या आत वजिरांची अदलाबदल घडवून आणली. वजीर गेला की हल्ल्याची धार जाते आणि दूरदृष्टीच्या योजनेला महत्त्व येते. चार डावांअखेर क्रामनिक तीन विरुद्ध एक असा पुढे होता. नंतर पाचव्या डावात त्याच्या हातून ढोबळ चूक झाली आणि सहाव्यात त्याने घोड्याचा बळी देऊन धाडस केले. दोन्ही डाव गेले आणि सामना चार-चार असा बरोबरीत सुटला. धाडसाची हौस त्यालाही महागच पडली. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्हने फ्रिट्झच्याच नव्या आवृत्तीविरुद्ध तिसऱ्या डावात प्यादी एकमेकांत अशी गुंतवली, की पटाच्या मध्यावर जणू भिंत उभी राहिली. यंत्र मोहरे मागेपुढे करीत राहिले आणि कास्पारोव्ह दुसऱ्या बाजूने सावकाश आत शिरला. २००८ साली अमेरिकेच्या हिकारू नाकामुराने ‘रिबका’ या प्रणालीला झटपट डावात असेच कोंडून धरले. पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी होऊ नये म्हणून यंत्राने आपणच हानी ओढवून घेतली आणि २७१ चालींनंतर ते हरले.

श्रोतेहो, येथवर ऐकून आपणांस वाटेल की, गुरुकिल्ली सापडली; डाव बंद ठेवावा, वजीर उतरवावेत, की यंत्र हरलेच! तसे आता राहिलेले नाही, हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. २००५ साली लंडनमध्ये ‘हायड्रा’ने मायकेल अॅडम्स या अव्वल ग्रँडमास्टरला सहा डावांत केवळ अर्धा गुण मिळू दिला. २००६ साली बॉन येथे क्रामनिक त्या वेळी जगज्जेता असूनही चार विरुद्ध दोन असा हरला आणि एका डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. डिसेंबर २०१७ मध्ये जगापुढे आलेल्या ‘अल्फाझीरो’ला खेळाचे नियम तेवढे शिकवले होते. काही तास स्वतःशीच खेळून ते सर्वांच्या पुढे गेले. २०२० पासून ‘स्टॉकफिश’ या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीतही असेच शिकून घेतलेले मूल्यमापन आले. क्षितिजामागचा डोंगर ही यंत्रे प्रत्यक्ष मोजीत नाहीत. पण तो तेथे असावा हे ती ओळखतात. तेव्हा जी युक्ती लेव्हीला तारून गेली ती आज माझ्या नातवाला तारणार नाही. त्याच्या मोबाईलमधील यंत्र पूर्ण बळाने खेळू लागले तर जगज्जेत्यालाही भारी पडेल.

मग सुरुवात निवडण्यात अर्थ काय उरला? माझे उत्तर असे की, अर्थ उरला आहे, पण हेतू बदलला आहे. पूर्वी हेतू यंत्राला हरवण्याचा होता; आता यंत्राकडून शिकण्याचा असावा. ज्या सुरुवातीत दहाव्या चालीलाच डाव कोसळतो, तिच्यातून मुलाला एवढेच कळते की आपण हरलो. ज्या सुरुवातीत डाव तीस चाली टिकतो, तिच्यातून आपण नेमके कोठे घसरलो हे कळते. म्हणून नवशिक्याने यंत्रापुढे पांढरे मोहरे घेऊन बसताना लंडन पद्धतीसारखी मांडणी करावी. वजिरापुढचे प्यादे दोन घरे, राजाकडचा घोडा बाहेर, वजिराकडचा उंट प्याद्यांच्या बाहेर, मग राजापुढचे प्यादे एक घर आणि लवकर किल्लेकोट. काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान खेळावा. पण त्यातील प्रत्येक चाल कशासाठी हे आधी समजून घ्यावे. कास्पारोव्हचे उदाहरण आपणांपुढे आहेच. प्यादे देऊन हल्ला करणाऱ्या सुरुवाती आपल्याबरोबरीच्या मुलांशी जरूर खेळाव्यात. मारामारीची नजर त्यांतूनच तयार होते. यंत्राशी मात्र त्या खेळू नयेत. आणि एक सुरुवात धरली की ती निदान दहा डाव सोडू नये. रोज बहार बदलणाऱ्याच्या झाडाला फळ येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांच्या चालीरीतीतली आहे. समोर नवखा असला की जुना खेळाडू आपला हत्ती किंवा वजीर पटावरून काढून ठेवी आणि मग खेळावयास बसे. त्यात अपमान नव्हता. डाव रंगावा एवढीच इच्छा होती. जानेवारी २०१६ मध्ये नाकामुरासारखा अग्रगण्य ग्रँडमास्टर ‘कोमोडो’ या प्रणालीकडून अशाच सवलती घेऊन चार डाव खेळला आणि तरीही अडीच विरुद्ध दीड असा हरला. ग्रँडमास्टरला सवलत घेण्यात कमीपणा वाटला नाही, तर तेरा वर्षांच्या मुलाला का वाटावा?

हे सारे मी नातवाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग खाली मान घालून त्याने एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. यंत्राकडून सतत हरून त्याचे मन इतके खचले होते, की आपल्याला बुद्धीच नाही असे त्याला वाटू लागले होते. एका रात्री मोबाईलवरच एका अनोळखी मुलाशी डाव लागला असता याने आईचा मोबाईल शेजारी ठेवून यंत्राला चाली विचारल्या आणि त्या उतरवून तो डाव जिंकला. “मी जिंकलो, आजोबा,” तो म्हणाला, “पण मला काहीच वाटलं नाही. त्या पोरानं मात्र पुन्हा डाव मांडला नाही.”

श्रोतेहो, यंत्र आपल्याला हरवते यात लाज नाही. रेल्वेगाडी आपल्यापेक्षा वेगाने धावते म्हणून कोणी चालणे सोडले नाही. लाज आहे ती आपली चाल दुसऱ्याकडून उसनी घेऊन ती आपली म्हणून मांडण्यात. यंत्र रोज आपणांस जे देते, तेच त्या मुलाने दुसऱ्या कोवळ्या मनाला न सांगता दिले. हे त्याचे त्यालाच कळले होते, म्हणून मी रागावलो नाही. मी एवढेच म्हटले, “यंत्राला विचार, पण डाव संपल्यावर विचार. आधी स्वतःचे उत्तर वहीत लिही आणि मग त्याचे उत्तर शेजारी लिही.”

आपल्या शेजारच्या नागपूरचेच उदाहरण घ्या. दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. आजच्या सर्वच अव्वल खेळाडूंप्रमाणे या पिढीचा अभ्यास यंत्राच्या साहाय्यावाचून होत नाही. परंतु कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम लढतीत पहिले दोन डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डाव सुरू झाले, तेव्हा पटासमोर ती एकटी होती. तेथे यंत्र नव्हते. यंत्राकडून जे पचवून घेतले होते, तेवढेच बरोबर होते.

दिवाळीत नातवाचा फोन आला. वजीर काढून ठेवलेल्या यंत्राला त्याने तिसऱ्या प्रयत्नात हरवले होते. आता तो केवळ हत्तीच्या सवलतीने खेळतो आणि अर्थातच हरतो. “पण आजोबा,” तो म्हणाला, “कालच्या डावात सतराव्या चालीपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. वहीत लिहिलं आहे.” शिवाय ओट्यावरच्या दोघांपैकी एक गृहस्थ गावाला गेले की त्यांच्या जागी हल्ली तो बसतो, असेही त्याने सांगितले. तेथे पहिल्या चालीला प्यादे एकच घर पुढे जाते आणि हरल्यावर समोरचा माणूस चहा पाजतो.